सामाजिक संस्थेसाठी डिझाइन स्प्रिंट: सुरुवात शुक्रवारपासून करा

डिझाइन स्प्रिंट ही पाच दिवसांची कामाची पद्धत आहे. डिझायनर जेक नॅप यांनी २०१० च्या सुमारास गूगलमध्ये ती बांधायला घेतली आणि पुढे गूगलच्या गुंतवणूक कंपनीत, म्हणजे गूगल व्हेंचर्समध्ये, नवउद्योगांसोबत वापरता वापरता तिला आजचा आकार आला. सोमवारी प्रश्न समजून घ्यायचा, मंगळवारी प्रत्येकाने आपापला उपाय कागदावर मांडायचा, बुधवारी त्यातला एक निवडायचा, गुरुवारी त्याचा कामचलाऊ नमुना करायचा आणि शुक्रवारी तो पाच खऱ्या माणसांच्या हातात द्यायचा. छपाई, अ‍ॅप, भरती आणि प्रशिक्षण यांवर पैसे घालण्याआधी आपला अंदाज कुठे चुकतोय ते यातून कळतं.

ही पद्धत कंपन्यांसाठी घडलेली आहे आणि संस्थेत ती जशीच्या तशी चालत नाही. ग्राहकाला वस्तू पटली नाही तर तो ती घेत नाही, त्यामुळे कंपनीला चूक लगेच समजते. संस्थेची योजना बहुतेकदा मोफत असते. ती न पटलेली बाईसुद्धा संस्थेच्या कार्यकर्तीचा, म्हणजे ताईंचा, मान राखायला "चांगलं आहे" म्हणते, सही करते आणि पुन्हा फिरकत नाही. पैसे देणगीदाराचे, निर्णय विश्वस्तांचा, राबणं कार्यकर्त्यांचं, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बैठकीच्या खोलीत कधीच नसते. म्हणून संस्थेच्या स्प्रिंटमध्ये शुक्रवार सगळ्यात महत्त्वाचा, आणि तयारीही त्याच दिवसापासून उलटी करत यायची. पाच माणसं ठरल्याशिवाय सोमवारची तारीख जाहीर करू नका.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांत काम करणारी एक संस्था आहे असं समजा. दसरा-दिवाळीनंतर मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मुलंही आईवडिलांबरोबर जातात. ती गावातच राहून शाळेत टिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण नावनोंदणी कमी होते. संस्थेच्या मनात नवं माहितीपत्रक आणि एक अ‍ॅप आहे.

प्रश्न स्प्रिंटचा आहे का?

आधी हे तपासा. तीन प्रकारच्या प्रश्नांना स्प्रिंट लावू नये. उत्तर माहीत आहे, फक्त पैसे नाहीत, हा पहिला प्रकार. तिथे आठवडा घालवण्यापेक्षा अर्ज लिहा. विश्वस्तांमध्येच दिशा ठरलेली नाही, हा दुसरा. स्प्रिंट भांडण मिटवत नाही, उलट भिंतीवर चिकटवून दाखवते. तिसरा प्रकार म्हणजे फार मोठा प्रश्न. "ऊसतोड मुलांचं शिक्षण" पाच दिवसांत मावत नाही. "ऑगस्ट ते दसरा या काळात घरात मुलाबद्दलचा निर्णय होतो तेव्हा आपण तिथे कसे पोहोचू" हे मावतं. प्रश्नात माणूस, जागा आणि वेळ या तीनही गोष्टी आल्या की तो योग्य मापाचा झाला असं समजा.

तारीख धरताना लोकांचं कॅलेंडर आधी बघा. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि कोयता ठरतो, म्हणजे नवरा-बायकोची जोडी त्या टोळीला बांधली जाते. मुलांचं काय करायचं हा विचार त्याच्या पाठोपाठ येतो. म्हणून आपल्या उदाहरणात स्प्रिंट जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला हवी. जानेवारीत माणसं गावात नसतात आणि मार्चमध्ये संस्थेचा हिशेबनीस कुणाला सोडत नाही.

माणसं आणि जागा

गटात पाच ते सात जण. आठवा माणूस आला की बोलणारे तेच राहतात आणि ऐकणारे वाढतात. निर्णय घेणारी एक व्यक्ती हवी: संचालक, सचिव किंवा विश्वस्त मंडळाने लेखी अधिकार दिलेला प्रकल्पप्रमुख. हे लेखी असणं गरजेचं आहे. "आम्ही ठरवतो, मग अध्यक्षांना विचारू" अशी व्यवस्था असेल तर बुधवारचा निर्णय पुढच्या बैठकीत उलटतो आणि गटाचा या पद्धतीवरचा विश्वास कायमचा जातो. निर्णयकर्त्याला पाचही दिवस जमत नसेल तर सोमवारची सकाळ, बुधवार पूर्ण आणि शुक्रवारची संध्याकाळ एवढी हजेरी तरी पक्की करा.

बाकीच्यांमध्ये रोज वस्तीवर जाणाऱ्या किमान दोन कार्यकर्त्या, हिशेब आणि देणग्या सांभाळणारी एक व्यक्ती, आणि संस्थेच्या कामाबद्दल सतत शंका काढणारा एक जण असावा. त्या शंकेखोराला बाहेर ठेवलं तर तो नंतर बोलतो. आत असला तर सोमवारीच उपयोगी पडतो. कंपनीतून स्वयंसेवक डिझायनर येणार असतील तर सात जणांत दोनपेक्षा जास्त नकोत, आणि त्यांनी आदल्या आठवड्यात एक पूर्ण दिवस कार्यकर्त्यांबरोबर वस्तीवर काढलेला असावा. सूत्रधार वेगळा ठेवा. तो वेळ पाळतो आणि फळ्यावर लिहितो, पण स्वतःचा उपाय मांडत नाही.

भिंतीवरची भाषा मराठी. हा नियम छोटा वाटतो, पण एकाने इंग्रजीत चिठ्ठी लिहिली की पुढची इंग्रजीत येते आणि तासाभरात कार्यकर्त्या गप्प होतात. ज्यांना वस्तीवरची सगळ्यात जास्त माहिती आहे त्याच गप्प झाल्या तर खोलीत फक्त अंदाज उरतात.

सलग पाच दिवस ऑफिस बंद ठेवणं छोट्या संस्थेला जड जातं. सोमवार-मंगळवारचं काम दाटून दीड दिवसात बसवता येतं. पहिले तीन दिवस या आठवड्यात आणि उरलेले दोन पुढच्या आठवड्यात हेही चालतं. रोज संध्याकाळी एक तास असं महिनाभर मात्र करू नका. मधल्या काळात सगळे विसरतात आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून समजावत बसावं लागतं. रोजची वेळ दहा ते पाच, एक वाजता जेवण, सकाळी आणि दुपारी पंधरा मिनिटं चहा. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. कुणाला वस्तीवरून तातडीचा फोन येणार असेल तर त्याने बाहेर जाऊन बोलावं.

सामान सगळं गावच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं: तीन बाय तीन इंची चिकट चिठ्ठ्यांची पंधरा पॅडं, ए-फोर कागदाचं एक रीम, दहा सारखे काळे स्केचपेन, वीस चार्टपेपर, दोन रंगांचे गोल स्टिकर, मास्किंग टेप आणि मोठ्या काट्यांचं घड्याळ. पावसाळ्यात ओलसर डिस्टेंपरच्या भिंतीवर चिठ्ठ्या टिकत नाहीत, रात्रीत सगळा नकाशा जमिनीवर येतो. आधी चार्टपेपर टेपने लावा आणि चिठ्ठ्या त्यावर चिकटवा. रोज संध्याकाळी भिंतीचे फोटो काढून ठेवा.

सोमवार: नकाशा

पहिल्या तासात दोन गोष्टी लिहायच्या. एक, दोन वर्षांनी काय बदललेलं हवं. दोन, ते न होण्याची कारणं प्रश्नाच्या रूपात: "आई मूल मागे ठेवायला तयार होईल का?", "आजी जबाबदारी घेईल का?"

मग नकाशा. डावीकडे माणसं, उजवीकडे शेवट, मध्ये पाच ते पंधरा टप्पे. उदाहरणात माणसं म्हणजे आई, वडील, आजी, मोठी मुलगी, मुकादम, शिक्षक, ताई. टप्पे म्हणजे उचल घेतली, कारखाना कळला, निघायचा दिवस ठरला, सामान बांधलं, गाडी आली. इथेच संस्थेचा नकाशा आणि कुटुंबाचा नकाशा यांतला फरक दिसतो. संस्थेचा नकाशा "सर्वेक्षण, बैठक, फॉर्म, प्रवेश" असा असतो. तो फाडा आणि कुटुंबाचा काढा.

दुपारी माहीतगार माणसांशी बोलणं, प्रत्येकी वीस मिनिटं: शिक्षक, जुनी कार्यकर्ती, पूर्वी ऊसतोडीला जाणारी एखादी बाई. ऐकताना प्रत्येकाने "आपल्याला … कसं करता येईल?" या वाक्यात चिठ्ठ्या लिहायच्या, एका चिठ्ठीवर एकच. "जागृती कशी करता येईल?" ही वाईट चिठ्ठी, कारण तिच्यातून काहीही निघतं. "धाकट्या बाळाला सांभाळायला मोठ्या मुलीला न्यावं लागतं, त्या बाळाची सोय कशी करता येईल?" ही चांगली चिठ्ठी. उसाच्या फडावर दोघंही नवरा-बायको काम करतात आणि कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, लहानग्याला मोठी बहीणच बघते. हे कारण नकाशावर आलं की माहितीपत्रकाचं महत्त्व तिथेच कमी होतं. शेवटी निर्णयकर्त्याने नकाशावरचा एक माणूस आणि एक टप्पा निवडायचा. समजा, आई आणि उचल घेतल्यानंतरचे दोन आठवडे. दोन माणसं निवडण्याचा मोह होतो. तो टाळा, त्याची किंमत शुक्रवारी मोजावी लागते.

मंगळवार: एकट्याने विचार

सकाळी आधीपासून चालणाऱ्या गोष्टींतून शिकायचं, प्रत्येकाने तीन मिनिटांत एक. दुसऱ्या संस्थांचेच प्रकल्प बघत बसू नका. पल्स पोलिओत एसटी स्थानकं आणि रेल्वे स्थानकांवर पथकं ठेवतात, म्हणजे माणूस प्रवासात असेल तिथे सेवा जाते. बाळाच्या लसीकरणाचं कार्ड घरात वर्षानुवर्षं जपलं जातं, ते का? बचत गटाची बैठक ठरल्या वारीच होते, ते कशामुळे? अशा दहा-बारा गोष्टींतली नेमकी युक्ती एका ओळीत लिहून ठेवा.

दुपारचं काम पूर्ण शांततेत. वीस मिनिटं भिंतीवरच्या टिपणांची उजळणी, वीस मिनिटं कच्च्या कल्पना, मग कागदाला घड्या घालून आठ चौकोन पाडायचे आणि आठ मिनिटांत एकाच कल्पनेचे आठ प्रकार. शेवटी तासभर पक्कं चित्र: तीन चौकटी, प्रत्येकीत काय घडतं आणि कोण काय बोलतं. काडीची माणसं चालतात, पण बोलणं नेमकं लिहायचं. "ताई समजावून सांगते" असं नको, ताईच्या तोंडचं वाक्य हवं. लिहायला अवघड जाणाऱ्या कार्यकर्तीने सूत्रधाराला बाजूच्या खोलीत सांगावं आणि त्याने तिच्याच शब्दांत उतरवावं.

एकत्र बसून कल्पना काढण्याची सवय मोडवत नाही, आणि वेळ वाचवण्यासाठी सगळ्यात आधी एकट्याने विचार करण्याचा हाच भाग गाळला जातो. तो गाळू नका. संस्थेत वय, पद आणि ज्येष्ठता यांचं वजन मोठं असतं. सर बोलले की इतरांच्या कल्पना सरांच्या कल्पनेच्या फांद्या होतात. चित्रांवर नाव लिहायचं नाही आणि सगळ्यांनी सारखेच काळे स्केचपेन वापरायचे. छोट्या संस्थेत अक्षर ओळखू येतं, म्हणून कागद सूत्रधारानेच मिसळून लावावेत.

बुधवार: निवड

चित्रं भिंतीवर लावा. सगळ्यांनी न बोलता फिरायचं आणि आवडलेल्या भागावर ठिपके लावायचे. मग प्रत्येक चित्रावर तीन मिनिटं चर्चा. काढणाऱ्याने अगदी शेवटी, काही राहिलं असेल तरच बोलायचं. प्रत्येकाचं एक मत, आणि त्यानंतर निर्णयकर्त्याचा ठिपका. त्याचा ठिपका शेवटीच. तो आधी लागला तर उरलेले सगळे त्याच्याभोवती गोळा होतात.

निवडलेल्या चित्रातून दुपारी दहा ते पंधरा चौकटींची कथा तयार करा. उदाहरणात ती अशी: ताई संध्याकाळी घरी येते, आजीही बसलेली आहे, ताई घरातल्या सगळ्या मुलांची नावं एका कागदावर लिहिते, धाकट्यासकट, प्रत्येकापुढे कोण कुठे राहणार आणि कोण सांभाळणार, वसतिगृहातून आईला फोन कोणत्या वारी, किती वाजता, शेवटी कागदाची एक प्रत घरात. या सगळ्याच्या अगोदर, ताई येण्याच्या आधीची एक चौकट असावी, कारण ताई कुठल्या वेळी येते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. संध्याकाळी पाचनंतर नव्या कल्पना घेऊ नका.

गुरुवार: नमुना

नमुना खरा वाटला पाहिजे, पण खरा नको. इथे बहुतेकदा अ‍ॅप लागतच नाही. लागतो तो ए-फोरवर छापलेला कागद, चाळीस सेकंदांचा व्हॉट्सअ‍ॅप आवाजी निरोप आणि ताईच्या बोलण्याची पाठ केलेली संहिता. दोघांनी वस्तू बनवायच्या, एकीने सगळे शब्द लिहायचे म्हणजे भाषा एक राहते, एकाने जोडणी आणि एकीने मुलाखतीचे प्रश्न. दुपारी तीनला पूर्ण रंगीत तालीम. ती झाली नाही तर शुक्रवारच्या पहिल्या घरी तालीम होते आणि पाचातला एक माणूस वाया जातो. निरोप स्वस्तातल्या फोनवर, मोठ्या आवाजात, घराबाहेर वाजवून ऐका.

एका बाबतीत संस्थांनी कंपन्यांपेक्षा फार जपून वागायला हवं. दुकानातला खोटा नमुना पाहून कुणाचं नुकसान होत नाही. इथे मात्र समोरची आई त्या कागदावर विसंबून मुलाला मागे ठेवायचं ठरवू शकते. प्रत्येक कागदावर वरच्या बाजूला ठळक "नमुना" छापा. सुरुवातीला आणि निघताना दोन्ही वेळा सांगा: ही नावनोंदणी नाही, खरी नोंदणी अमुक ठिकाणी, अमुक तारखेला. तिथे लिहिलेला कागद मागे ठेवू नका. आणि जी सोय संस्था देऊच शकणार नाही, उदाहरणार्थ बाळासाठी पाळणाघर, ती नमुन्यात दाखवू नका.

शुक्रवार: पाच घरं

पाचच का? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितानुसार एक वापरणारा सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो, आणि पाच जणांत साधारण ८५ टक्के समोर येतात. हे गणित वापरातल्या अडचणींचं आहे, तेही एकसारख्या वापरणाऱ्यांपुरतं. तीन आया आणि दोन मुकादम मिळून पाच होत नाहीत. आणि पाच घरं फिरून योजनेचा परिणाम सिद्ध होत नाही. देणगीदाराला तसं लिहू नका.

पाच आया दोन आठवडे आधी ठरवा, शिवाय दोन राखीव. संस्थेला नेहमी भेटणाऱ्या, बचत गटाच्या अध्यक्ष असलेल्या बायका सोपेपणामुळे निवडल्या जातात, पण त्या आधीच आपल्या बाजूच्या असतात. पाचातल्या तीन तरी मागच्या वर्षी मुलांना बरोबर घेऊन गेलेल्या हव्यात. एक-दोन वस्त्यांतच निवडा, म्हणजे प्रवासात दिवस जात नाही. घरोघरी तासभर धरा. दिवसाचं काम सोडून बसणार असतील तर बुडालेली मजुरी रोख द्या, आणि ती बोलणं सुरू होण्याआधी द्या, नाहीतर गोड उत्तरांचा मोबदला वाटतो. बंजारा तांड्यावर जाणार असाल तर त्यांची गोरमाटी बोली बोलणारी कार्यकर्ती सोबत हवी.

घरात दोघींनीच जायचं, एक बोलणारी आणि एक टिपणारी. बोलणारी त्या कुटुंबाची नेहमीची ताई नको. ताईसमोर कोणी नाही म्हणत नाही. आवाज नोंदवण्याची परवानगी तोंडी मागा आणि नोंद कशासाठी, कधी पुसणार हे सांगा. मुलांना प्रश्न विचारू नका.

बाई एकटी भेटेल अशी आशा धरू नका. सासू येते, शेजारी जमतात, नवरा दारात उभा राहतो. आलेल्यांना हुसकावता येत नाही, म्हणून तिसरी कार्यकर्ती अंगणात ठेवा, ती त्यांच्याशी बोलत बसेल. सासू उठत नसेल तर तिलाच विचारा. मूल मागे राहिलं तर सांभाळणार तीच आहे, आणि निर्णयात तिचा शब्द कुठे येतो हे तुम्हाला कळायलाच हवं.

"आवडलं का?" हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर नेहमी हो. करायला लावा: "हा कागद तुमच्या घराचा भरू या." "हा निरोप ऐकून तुमच्या मालकांना काय सांगाल?" मागचं विचारा: "गेल्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी काय काय झालं?" ती थांबली, कागद दुसऱ्याकडे सरकवला, हसून विषय बदलला, हे सगळं टिपून ठेवा. गप्प बसली तर दहा सेकंद तुम्हीही गप्प बसा.

बाकीचा गट ऑफिसात थांबतो. रेंज असेल तर फोनवरून ऐकतो, नसेल तर प्रत्येक घरानंतर टिपणं गाडीतून पोहोचतात. भिंतीवर पाच रकाने, प्रत्येक आईचा एक, आणि आडव्या ओळींत नमुन्याचे भाग. जमलेल्या गोष्टीला हिरवी चिठ्ठी, अडलेल्याला लाल. पाचपैकी तीन घरांत तेच दिसलं तर तो आकृतिबंध धरा. एकाच घरात दिसलेलं बाजूला लिहून ठेवा, पण फेकू नका.

समजा, कागद सगळ्यांनी भरला, पण तीन घरांत धाकट्याच्या ओळीपाशी हात थांबला आणि फोनच्या वारावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. याचा अर्थ फोनची वेळ हा उपायाचा खरा गाभा आहे, आणि मोठ्या मुलींबाबत संस्थेला अजून उत्तर सापडलेलं नाही. अ‍ॅपचे पैसे वाचले, पण काम संपलं नाही.

पुढचा सोमवार

शुक्रवारी संध्याकाळी पांगण्याआधी निर्णयकर्त्याने तीनपैकी एक सांगायचं: राबवायचं, दुरुस्त करून पुन्हा पाच घरी न्यायचं, की सोडायचं. सोडण्याचा निर्णय झाला तर तो स्पष्ट शब्दांत लिहा. ज्यांनी आठवडा दिला त्यांना तो ऐकण्याचा हक्क आहे. एका पानावर प्रश्न, नमुन्याचा फोटो, काय चाललं, काय अडलं, पुढचं पाऊल, जबाबदार व्यक्तीचं नाव, तारीख आणि खर्च. हेच पान विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठेवायचं आणि देणगीदाराच्या अहवालालाही जोडायचं. जबाबदार म्हणून "टीम" असं लिहिलं असेल तर काम कुणाचंच नाही. ज्याचं नाव आहे त्याचं दुसरं एखादं काम त्याच बैठकीत कमी करा, नाहीतर कागद कपाटात जातो.

पाचही घरी महिन्याच्या आत परत जा. त्यांनी सांगितल्यावर काय बदललं ते सांगा, काही बदललं नसेल तर तेही सांगा, आणि खऱ्या नावनोंदणीची तारीख पुन्हा एकदा देऊन या.